एरंडेल प्यायलेलं इंजिन

मॉडेल विमानाचं अडीच सीसीचं इंजिन मुठीत मावतं. हे मला फुकट मिळालं होतं, म्हणून मी एकच नियम घालून घेतला: फुकटच्या वस्तूवर खर्च करायचा नाही.

इंजिन मधाच्या रंगाचं झालं होतं. अशा इंजिनांच्या इंधनात मेथॅनॉलबरोबर एरंडेल असतं, आणि ते भाजून-वाळून लाखेसारखं चिकटतं. पंखा जागचा हलेना. जोर लावला की आतला कनेक्टिंग रॉड वाकतो, एवढी अक्कल होती. हेअर ड्रायर आणला. थोड्या वेळात एरंडेल पाघळलं आणि पंखा फिरला. वर जाताना पिस्टनला चांगला दाबही लागत होता. ड्रायरला तो वास कसला, हे मी अजून घरात कबूल केलेलं नाही.

इथेच थांबायला हवं होतं. पण मला ते चकचकीत करायचं होतं. कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियमच खातो, म्हणून तो बाद. उरला गाडीच्या रेडिएटरचा कूलंट. त्यात मंद आचेवर तासन्‌तास ठेवलं की कवच सुटतं. मात्र तो विषारी, त्यामुळे हा स्वयंपाक घराबाहेर.

"अहो, काय शिजतंय?"

"इंजिन."

"बरं. ते पातेलं आता तुमचं. पुन्हा घरात आणायचं नाही."

नियम तिथेच मोडला. आतली बेअरिंग खरखरत होती, तेव्हा त्यावरचा नंबर सांगून नवी आणली. ती बसवणं मात्र मजेचं काम. अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं, म्हणून केसिंग तापवून लाकडावर आपटलं की जुनी बेअरिंग आपोआप बाहेर पडते. नवीही तशीच, गरम असतानाच आत सरकली. मला वाटलं, हातात कला आहे.

सगळं जोडलं, पंखा फिरवला. फुस्स!

दाब नावालाही नाही. पिस्टन बिडाचा, तो ज्यात वर-खाली होतो ती नळी म्हणजे लायनर पोलादाचा, फट बुजवणारी रिंग नाहीच; एकमेकांना नेमके बसतात म्हणून दाब टिकतो. झिजलेली फट एरंडेलाच्या मळाने भरून काढली होती आणि तो मळ मी पातेल्यात शिजवून टाकला होता. माझा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. वास्तविक ते इंजिनाने प्यायला हवं होतं.

म्हणून आता इंधनात एरंडेल नेहमीपेक्षा जास्त. ग्लो प्लगला, म्हणजे इंधन पेटवणाऱ्या तापत्या तारेला, दीड व्होल्ट लावून पंखा किती वेळा झटकला ते मोजलं नाही. त्याने माझ्या बोटाला मात्र दोनदा मोजून मारलं. शेवटी खोकत, धूर ओकत ते चालू झालं. पहिल्या टाकीत रडलं, दुसरीत थोडं कमी रडलं. चौथ्या टाकीनंतर दाब जाणवू लागला आणि इंजिनाच्या डोक्यावर मधाची छटा आली.

ती दारातून डोकावली. "अहो, पुन्हा मळलं की! पातेलं देऊ?"