भीती वाढली की सावधपणा वाढतो का?

पावसाळा लागला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे साचलेल्या दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराच्या) बातम्यांबरोबर एक सल्लाही फिरतो: ‘लोक भीतीशिवाय ऐकत नाहीत, बातमी जितकी भयंकर, तितकी उपयोगी, जास्त सावध राहिल्याने कोणाचे काही बिघडत नाही.’ हेतू चांगला आहे, पण ही तिन्ही विधाने तपासायला हवीत.

पहिले विधान अर्धेच खरे आहे. मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड लेव्हेंथल व सहकाऱ्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना धनुर्वाताविषयी काही सौम्य, तर काही अंगावर काटा आणणारी पत्रके दिली होती. भयंकर पत्रक वाचणाऱ्यांनी लस घेण्याचा निश्चय अधिक ठामपणे बोलून दाखवला. परंतु नुसते पत्रक मिळालेल्यांपैकी प्रत्यक्ष लस घेतली ती जेमतेम ३ टक्के विद्यार्थ्यांनी. याउलट ज्यांना दवाखान्याचा नकाशा देऊन कधी जाणार हे ठरवायला लावले, त्यांच्यापैकी सुमारे २८ टक्के लस घेऊन आले, मग त्यांचे पत्रक सौम्य असो वा भयंकर. धोक्याविषयी काहीच न सांगता केवळ नकाशा दिलेल्यांपैकी मात्र कोणीही गेले नाही, हेही नोंदवले पाहिजे. थोडी भीती लागते. ती वाढवत नेण्याची गरज नसते.

दुसऱ्या विधानाविरुद्ध मुंबईचाच इतिहास उभा आहे. १८९६ साली मांडवीत प्लेग उघडकीस आला, तेव्हा भीतीला तोटा नव्हता. लाखो लोक शहर सोडून गेले, आणि रुग्णाला जबरीने इस्पितळात नेतील या धास्तीने आजारी माणसे घरातच लपवली गेली.

तिसरे विधान मला सर्वांत घातक वाटते. ऑक्टोबर १९९५मध्ये ब्रिटनमध्ये काही गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्तात गुठळी होण्याचा धोका ‘दुप्पट’ होतो, अशी बातमी पसरली. या ‘दुप्पट’चा अर्थ ७,००० स्त्रियांमागे एकीऐवजी दोघींना, एवढाच होता. अनेकींनी गोळ्या तडकाफडकी सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात वाढल्याचा अंदाज आहे. शिवाय गुठळीचा धोका गरोदरपणात त्या गोळ्यांपेक्षा जास्तच असतो.

लेप्टोच्या संदेशांतही नेमके हवे तेच गळते. साचलेल्या पाण्यातून चालत आलेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावे, असे महापालिका सांगते. निकामी झालेल्या मूत्रपिंडांच्या छायाचित्राऐवजी हे एक वाक्य आणि जवळच्या पालिका दवाखान्याचा पत्ता व वेळ पाठवावी.