होमरचा वारसा केवळ शौर्याचा नाही

प्राचीन ग्रीक महाकवी होमरने पुढील पिढ्यांना शौर्याचा आदर्श दिला, असे मत एका लेखात मांडले आहे; ते मला अपुरे वाटते. ट्रॉयच्या युद्धावरील त्याच्या ‘इलियड’ या महाकाव्याच्या २४व्या, म्हणजे अखेरच्या सर्गात ट्रॉयचा वृद्ध राजा प्रायम आपल्या मुलाला, हेक्टरला, मारणाऱ्या ग्रीक योद्धा अकिलीसच्या हातांचे चुंबन घेऊन त्याचे शव मागतो आणि दोघेही आपापल्या माणसांसाठी रडतात, शत्रूचे दुःख इतक्या समजुतीने सांगणारा हा प्रसंगच मला होमरचा खरा वारसा वाटतो. शिवाय १९३०च्या दशकात अमेरिकन अभ्यासक मिल्मन पॅरी यांनी युगोस्लाव्हियातील लोकगायकांची ध्वनिमुद्रणे करून, ठरावीक शब्दबंधांच्या आधारे हजारो ओळी गाता गाताच रचता येतात, हे दाखवले. ‘इलियड’मध्ये पुन्हा पुन्हा येणारी ‘चपळ पायांचा अकिलीस’ ही पुनरुक्ती त्यामुळे मौखिक परंपरेची खूण ठरते. अनुवादकांनी ती गाळू नये, असे मला मनापासून वाटते.