हार्म रिडक्शन शिकवणं म्हणजे व्यसनाला खतपाणी घालणं नव्हे

‘नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना हार्म रिडक्शन शिकवलं की व्यसनाला खतपाणी मिळतं, नर्सनं फक्त “सोडा” म्हणावं,’ हा दावा भरपूर शेअर होतोय. हार्म रिडक्शन म्हणजे व्यसन सुटलेलं नसतानाही त्यातून होणारं नुकसान कमी करणं. तो मुद्द्यांनुसार तपासू.

‘नालोक्सोन हाताशी असलं की लोक बिनधास्त जास्त घेतात.’ नालोक्सोन हे ओपिऑइडचा (हेरॉइन, मॉर्फिनसारख्या अफूवर्गीय द्रव्यांचा) असर उलटवणारं औषध. त्यानं नशा चढत नाही, उतरते. आणि सवय लागलेल्या रुग्णाला मिनिटांत उलट्या, घाम, तगमग सुरू होते. हौसेनं कुणी ते ओढवून घेत नाही. विद्यार्थ्यांच्या हातात बसायला हवा तो क्रम. ओपिऑइडचा ओव्हरडोस झाला की डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ओठ निळसर, श्वास संथ: हाक मारा, हलवून बघा, मदत बोलवा, हनुवटी उचलून दर ५-६ सेकंदांनी एक श्वास द्या. नालोक्सोन ०.४ मिलिग्रॅम स्नायूत. २-३ मिनिटांत श्वास सुधारला नाही तर पुन्हा. श्वास नीट चालू झाला की पुरे, रुग्ण खडखडीत जागा व्हायलाच हवा असं नाही. गफलत होते ती यानंतर. नालोक्सोनचा असर ३० ते ९० मिनिटांत ओसरतो, मेथाडोनसारख्या दीर्घकाळ टिकणाऱ्या ओपिऑइडचा कितीतरी जास्त टिकतो. रुग्ण बोलायला लागला म्हणून लक्ष काढलं, तर श्वास पुन्हा मंदावू शकतो.

‘सुया वाटल्या की टोचून घेणारे वाढतात.’ अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. एचआयव्हीचा प्रसार मात्र घटतो, म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना सुया-सिरिंज देण्याची शिफारस करते. उलट नुसती सुई देऊन भागत नाही. द्रव्य तयार करायचा चमचा, कापूस, पाणी अनेकांत एकच असेल तर हिपॅटायटिस सी पसरू शकतो. हे विचारायला शिकवलंच नाही, तर विचारणार कोण?

‘फक्त सोडा म्हणावं.’ सगळ्यात घातक सल्ला हाच. रोज भरपूर दारू पिणाऱ्यानं एकदम थांबवली तर ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात, २ ते ४ दिवसांत डिलिरियम ट्रेमेन्स (थरथर, भ्रम, गोंधळ असलेली जीवघेणी अवस्था). ओपिऑइड काही आठवडे बंद राहिलं की सहनशक्ती उतरते आणि जुनाच डोस जीव घेऊ शकतो. त्यामुळे डिस्चार्जच्या वेळी हा धोका स्पष्ट सांगणं, घरच्यांना नालोक्सोन वापरायला शिकवणं आणि ब्युप्रेनॉर्फिनसारख्या (ओपिऑइडची ओढ आवरणाऱ्या औषधाच्या) उपचाराशी जोडून देणं हे नर्सचंच काम. ब्युप्रेनॉर्फिनही विथड्रॉलची (द्रव्य थांबल्यावर होणाऱ्या त्रासाची) लक्षणं दिसल्यावरच सुरू करतात. घाई केली तर औषधानंच विथड्रॉल उसळू शकतो आणि रुग्ण उपचार सोडून जाऊ शकतो.

म्हणून हिस्टरी घेताना ‘व्यसन आहे का?’ एवढ्यावर थांबू नये. काय, किती, कशा मार्गानं, शेवटचं कधी, एकटे असताना घेता का: हे पाच प्रश्न, कपाळाला आठी न घालता.