पाळणाघराची फी फक्त आईच्या पगारातून का वजा होते?

"पाळणाघराला एवढे देणार, मग तुझ्या हातात राहणार काय?" माहेरी, सासरी, ऑफिसात, सगळीकडे मला हा प्रश्न विचारून झाला. माझ्या नवऱ्याला तो एकदाही कुणी विचारला नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझी तीन मुलं. थोरली साडेचार वर्षांची, पाठची जुळी अजून वर्षाची व्हायची आहेत. राहायला कोल्हापूरजवळ पाचगावात, नोकरी शहराच्या दुसऱ्या बाजूला शिरोली एमआयडीसीत, एका मशीन शॉपच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. पगार १८ हजार. राजारामपुरी, आर. के. नगर भागात पाळणाघरं बघितली, दिवसभराची फी मुलामागे साडेतीन हजारांच्या आसपास. तिघांचे साडेदहा हजार. वर डायपर, दूध, शहर ओलांडून जायचं पेट्रोल. हिशेब इथंच थांबवला तर नोकरी सोडणंच बरं वाटतं. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणींनी तो इथंच थांबवला आणि त्या घरी बसल्या.

मला ही मांडणीच मान्य नाही. मुलं दोघांची आहेत. नवऱ्याचे ३० आणि माझे १८, असे महिन्याला ४८ हजार घरात येतात आणि त्यातून फी जाते. वीजबिल, घराचा हप्ता आपण कुणा एकाच्या पगारातून वजा करून "मग तुझ्या नोकरीचा उपयोग काय" असं म्हणत नाही. मुलांच्याच बाबतीत का म्हणायचं?

शिवाय नोकरी सोडली की नुसता पगार जात नाही. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, २१ हजारांपर्यंतच्या पगाराला लागू. नवऱ्याचा पगार त्याच्या वर, म्हणजे आमच्या पाच जणांच्या औषधपाण्याचा तो आधार माझ्या नोकरीमुळे आहे. पीएफची पेन्शन मिळायला १० वर्षांची सेवा लागते आणि घरी बसलेली वर्षं त्यात धरत नाहीत. मुलं शाळेला लागल्यावर परत नोकरी शोधायला निघालेल्या बाईला कुणी जुन्या पगारावर घेत नाही, हे मी आमच्याच ऑफिसात मुलाखतींच्या वेळी बघितलंय.

"आजी असताना पाळणाघर कशाला?" हेही ऐकलं. सासूबाईंचे गुडघे दुखतात. एका कडेवर एक, दुसरं रडतंय, तिसरीला शू लागलीय, असे नऊ तास त्यांच्यावर टाकायचे आणि वर ते फुकट म्हणायचं? त्यांनी त्यांची मुलं वाढवली. नातवंडांना गोष्ट सांगावी, भरवावं, कंटाळा आला की देवळात जाऊन बसावं. ती हक्काची राबणारी बाई नव्हे.

पाळणाघर निवडताना आम्हाला सगळ्यात उपयोगी पडली ती एक गोष्ट: तिन्ही मुलं एकाच छताखाली ठेवायचा हट्ट सोडला. तान्ह्यांना हवं असतं कडेवर घेणारं माणूस. साडेचार वर्षांच्या पोरीला हव्यात मैत्रिणी, गाणी, धावायला जागा. थोरली सकाळी अंगणवाडीत जाते. नातेवाइकांनी नाकं मुरडली. मला त्याचा खरंच राग येतो. १९७५ पासून ही योजना चालू आहे, सरकार आपल्या करातून चालवतं, तिथं गरम खाऊ मिळतो, वजन-उंचीची नोंद होते, आणि आमच्या सेविका ताई पोरांना जीव लावतात. दुपारी अंगणवाडी सुटली की तिला आमच्या गल्लीतल्या मावशी घेऊन येतात. जुळीही त्यांच्याकडेच असतात. त्या आणि त्यांची जाऊ मिळून घरातच मोजकी मुलं सांभाळतात. थोरलीची अर्ध्या दिवसाची फी आणि जुळ्यांतल्या एकाला सवलत, त्यामुळे साडेदहा हजारांचे साडेसात झाले.

मात्र स्वस्त मिळालं म्हणून डोळे झाकून मुलं सोडू नका. दुपारी एक ते तीन या वेळात न सांगता जा. तेव्हाच कळतं मुलं झोपलीत की टीव्हीसमोर बसवलीत, आणि जागं कोण आहे. भिंतीवर कार्टून रंगवलेल्या एका चकचकीत ठिकाणी चौदा तान्ह्या मुलांमागे एकच ताई दिसली, मी दारातूनच परत आले. किती मुलांमागे किती माणसं, एवढं आधी विचारा. एका भावंडाला ताप आला तर बाकीच्यांना ठेवून घेणार का, सुट्टीच्या दिवसांची फी कापणार का, हेही सुरुवातीलाच बोलून घ्या. दोन-तीन मुलं असली की महिन्याचं बजेट कोलमडतं ते इथंच.

आता कारखानदारांशी बोलायचंय. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जायची मुभाही मिळाली. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. पण आपल्या उद्यमनगरात, शिरोलीत दहा-वीस माणसांची वर्कशॉप्स गल्लोगल्ली आहेत. त्यांना हा नियम लागतच नाही. पण त्याच कायद्यात सामाईक सोय चालेल असंही लिहिलंय. मग एका एमआयडीसीतल्या वीस-पंचवीस मालकांनी मिळून एक पाळणाघर का चालवू नये? आमच्या कारखान्याची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, पाळणाघरं मात्र रविवारी बंद. तो एक दिवस भागवताना दर आठवड्याला आमची तारांबळ उडते. कारखान्यांच्या वेळेप्रमाणे चालणारं पाळणाघर असेल तर हा प्रश्नच उरणार नाही.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल एमआयडीसीत काम करणाऱ्या, सहा वर्षांखालची मुलं असलेल्या आयांची आणि बापांचीही यादी मी करतेय. मुलांची वयं, तुमची शिफ्ट आणि साप्ताहिक सुट्टीचा वार मला इनबॉक्समध्ये पाठवा. मुलांचे फोटो, घरचा पत्ता पाठवू नका. एका एमआयडीसीतली दहा मुलं जरी जमली, तरी तिथल्या उद्योजक संघटनेसमोर कागद घेऊन बसता येईल.