ज्याला सोडवायला कोणीच आलं नाही

साथीदार शत्रूच्या कैदेत आहेत आणि उरलेले जीव धोक्यात घालून त्यांना सोडवायला निघालेत, अशा गोष्टी मी लहानपणापासून अधाशासारख्या वाचत आलोय. त्यातली माझी सगळ्यात आवडती म्हणजे मार्व्हलची २००९ मधली 'किंगब्रेकर'. चारच अंक आहेत. लेखन ख्रिस्तोफर योस्टचं, चित्रं डस्टिन वीव्हरची. आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या कॉमिक्सवेड्या मंडळींत तिचं नावही निघत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. (पुढे कथेतल्या बऱ्याच गोष्टी उघड होतील, ज्यांना चालत नाही त्यांनी इथेच थांबा.)

अंतराळात फिरणाऱ्या चाच्यांची एक टोळी आहे, स्टारजॅमर्स. डेव्ह कॉक्रम या चित्रकाराने ती उभी केली आणि १९७७ साली ती एक्स-मेनच्या, म्हणजे मार्व्हलच्या जन्मजात अचाट शक्ती असलेल्या नायकांच्या चमूच्या, अंकांत आली. म्होरक्या कोर्सेर, अमेरिकन हवाई दलातला वैमानिक. शियार साम्राज्याच्या यानाने त्याच्या विमानावर हल्ला केला तेव्हा आई-बापाने दोन्ही पोरांना एकाच पॅराशूटला बांधून खाली सोडलं. ती पोरं म्हणजे पुढे एक्स-मेनमध्ये गेलेले सायक्लॉप्स आणि हॅवॉक. आई-बाप मात्र पकडले गेले. शियारांचा सम्राट डी'केनने कोर्सेरच्या बायकोला मारलं आणि त्याला गुलाम केलं. तिथेच त्याला चॉड, राझा आणि हेप्झिबा भेटले. एक सरड्यासारखा धिप्पाड, एक अर्धा यंत्र, एक मांजरीसारखी. चौघं मिळून पळाले आणि त्यातून टोळी झाली. म्हणजे यांची दोस्तीच मुळी कैदेत जमलेली.

आपल्याकडे कोणाला उगाच पोलिसांनी नेलं तर रात्री अकरा वाजता ठाण्यात कोण जातो, आठवून पाहा. बहुतेक वेळा ज्याने स्वतः कधीतरी ते बाकडं झिजवलंय तोच चप्पल पायात सरकवतो. स्टारजॅमर्स त्या जातीची माणसं आहेत, म्हणून त्यांनी कोणाला सोडवायला जाणं मला पटतं.

'किंगब्रेकर'मध्ये कैदेत आहेत हॅवॉक आणि त्याचे साथीदार. बाहेर उरलेत एक्स-मेनमधली रेचल, तिचा साथीदार कॉर्व्हस आणि शियारांची पदच्युत सम्राज्ञी लिलांड्रा. आणि ज्याने हॅवॉकला डांबलंय तो शियारांचा नवा सम्राट व्हल्कन, म्हणजे हॅवॉकचा सख्खा धाकटा भाऊ! आई मारली गेली तेव्हा तो तिच्या पोटात होता. शियारांनी त्याला वाचवलं ते गुलाम करण्यासाठी.

आता जे सांगतो ते या मालिकेत नाही, एड ब्रुबेकरच्या २००५-०६ च्या 'डेडली जेनेसिस'मध्ये आहे, पण ते माहीत नसेल तर 'किंगब्रेकर' अर्धीच कळते. क्राकोआ नावाच्या जिवंत बेटाने मूळ एक्स-मेनना पकडलं, तेव्हा एक्स-मेनचा गुरू प्रोफेसर झेव्हियरने त्यांच्या सुटकेसाठी कोवळ्या पोरांची एक तुकडी घाईघाईने पाठवली. त्यात हा व्हल्कन होता. भावाला सोडवायला गेलेला! तुकडी तिथेच संपली असं झेव्हियरने धरलं, दुसरी पाठवली, ती जिंकली. १९७५ च्या गाजलेल्या अंकात आपण त्याच दुसऱ्या तुकडीसाठी टाळ्या वाजवल्या. पहिलीची आठवणसुद्धा झेव्हियरने सायक्लॉप्सच्या डोक्यातून पुसून टाकली. व्हल्कन जिवंत होता. त्याला शोधायला कोणीही गेलं नाही.

हे डोक्यात ठेवून हॅवॉकच्या कोठडीची पानं वाचा. व्हल्कन क्रूर आहे, त्याने स्वतःच्या बापाला, कोर्सेरला, मारलंय. मी त्याची वकिली करत नाही. पण हॅवॉकसाठी कोणीतरी नक्की येणार हे त्याला दिसतंय, आणि ते त्याला सहन होत नाही. एकाच आई-बापाची पोरं, दोघंही कैद भोगलेली. बापाला गुलामीत शेजारी चॉड मिळाला, या पोराला कोणी मिळालं नाही.

शेजारी कोण बसलंय यावर तुरुंगाचं काय होतं ते आपण खान्देशी माणसांना तरी सांगायला नको. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी उतरवून घेत होते. एक बोलणारा आणि एक लिहिणारा एकाच भिंतीआड होते म्हणून 'गीता प्रवचने' आपल्या हातात आहे. एरवी देवघरात असणाऱ्या त्या पुस्तकाकडे मी सोबतीचं पुस्तक म्हणूनही पाहतो.

मालिकेत दोष आहेत. रेचलला हवी तेवढी जागा मिळालेली नाही, तिच्या वाट्याला दोन तरी संथ पानं यायला हवी होती. हाणामारी जास्त आहे. आणि सगळी कथा पुढच्या 'वॉर ऑफ किंग्ज' या मोठ्या मालिकेची पायवाट म्हणून लिहिलीय, त्यामुळे शेवट शेवटासारखा वाटत नाही. मोठ्या प्रकाशनांची ही सवय मला अजिबात आवडत नाही. चार अंकांचे पैसे देणाऱ्याला चार अंकांत पूर्ण गोष्ट मिळायला हवी.

तरी वाचा. आधी 'डेडली जेनेसिस', मग २००७ ची 'एम्परर व्हल्कन', मग ही. इंग्रजी अवघड वाटलं तर चित्रांवरूनही बरंच कळतं. जळगावात कोणाला हवे असतील तर माझे अंक घेऊन जा, वाचून झाले की आणून द्या, आणि व्हल्कनबद्दल तुमचं मत खाली नक्की लिहा. माझ्याशी भांडायचं असेल तरी चालेल.