'आपण बघू' म्हणजे नेमकं कोण बघणार?

टेरेसचं पाणी माझ्या बेडरूममध्ये गळतं. गेल्या वर्षी जूनमध्ये सोसायटीच्या सेक्रेटरींना पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "काळजी करू नका वहिनी, आपण बघू." मला बरं वाटलं होतं हो! आता दुसरा पावसाळा सरत आला. कपाटावर दोन पातेली आणि एक बादली आहे, आणि बघतेय ती मी एकटी.

तेव्हापासून या 'आपण'वर माझा डोळा आहे. मराठीत 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर, 'आपण' म्हटलं की समोरचा आत. हिंदीच्या 'हम'ला हे जमत नाही, इंग्रजीच्या 'वी'लाही नाही. गुजरातीत मात्र 'अमे' आणि 'आपणे' आहेत. इतकी बारीक सोय भाषेने दिली आणि आपण (हा खरा 'आपण', तुम्हालाही धरून) ती कशाला वापरतो? तर काम अलगद दुसऱ्याच्या गळ्यात अडकवायला. ऑफिसात साहेब म्हणतात, "आपण हे आजच संपवून टाकू," तेव्हा बॅग त्यांच्या खांद्याला लागलेली असते. साहेब सातच्या लोकलला, 'आपण' साडेनऊच्या.

दवाखान्यातली सिस्टर म्हाताऱ्या आजोबांना "आता आपण गोळी घ्यायची हं" म्हणते, तो 'आपण' मला चालतो. ती निदान पाणी तरी आणून देते.

दुसरी गंमत भूतकाळाची. "निघालोच", "आलोच", "झालंच समजा". क्रियापद भूतकाळातलं आणि माणूस अजून अंथरुणात. आमचा प्लंबर सोमवारी "आलोच ताई" म्हणाला आणि गुरुवारी उगवला. वर म्हणतो, "बोललो होतो ना येतो म्हणून!" यावर काय बोलणार?

"तसं काही नाही" म्हणजे अगदी तसंच आहे. फोनवर दोनदा "बाकी काय?" आलं की समजावं, ठेवा आता.

पण डोक्यात जातं ते "राग मानू नकोस हं, पण..." म्हणजे मी आता तुला लागेल असं बोलणार आहे आणि रागवायचा हक्क आधीच काढून घेते आहे. एका लग्नात नात्यातल्या एक काकू हेच म्हणाल्या. मी म्हटलं, "मानणार आहे, बोला." काकू दोन क्षण गप्प. मग म्हणाल्या, "काही नाही गं, साडी छान आहे." त्यांच्या मनात काय होतं, ते आजतागायत कळलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचाही त्रास होतोच.

असो. सोसायटीची वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावीच लागते, तशी आमचीही झाली. मी उभी राहिले आणि सरळ विचारलं, "आपण बघू, म्हणजे कोण? नाव सांगा." सेक्रेटरी म्हणाले, "राग मानू नका वहिनी, पण तसं काही नाही. वॉटरप्रूफिंगवाला येतोच आहे." टाळ्या वाजल्या. कशाला, देव जाणे. मग चहा आणि बटाटेवडे आले.

काल इतिवृत्त हातात पडलं. विषय क्रमांक ६, टेरेसची गळती: 'पावसाळ्यानंतर आपण बघू, असे सर्वानुमते ठरले.'

खाली अनुमोदक म्हणून माझं नाव आहे.