गार्ड काढलेला ग्राइंडर: एका कारागीर वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

हँड ग्राइंडरवरच्या, म्हणजे हातात धरून लोखंड कापायच्या-घासायच्या मशीनवरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही तळमळीने लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दादांचा ग्रिल-गेटचा गाळा आहे आणि तिथे सगळी मशीनं गार्ड, म्हणजे चाकावरचं लोखंडी झाकण, काढूनच चालतात. गार्ड असला की आखलेली रेघ दिसत नाही, कोपऱ्यात चाक शिरत नाही आणि चार इंची मशीनला पाच इंची चाक बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. हातमोजे घाला हा माझा सल्ला त्यांना चुकीचा वाटतो, कारण लेथवर हातमोज्यांमुळेच बोटं जातात. ग्राइंडर हाताच्या सवयीवर चालतो, असे लेख वाचून पोरं नुसती घाबरतात, असंही त्यांनी लिहिलंय. आणि शेवटी एक प्रश्न: गाळ्यात पडून राहिलेली जुनी चाकं वापरावीत का?

पाच इंची चाकापासून सुरू करतो, कारण बहुतेक गाळ्यांत गार्ड त्याच्यासाठीच निघतो. मोठं चाक जोरात कापतं आणि जास्त दिवस पुरतं, हा तुमचा अनुभव खरा आहे. चार इंची मशीन मोकळं फिरताना मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतं. तेव्हा १०० मिमी चाकाची कड सेकंदाला ५७ मीटर, म्हणजे ताशी २०० किलोमीटरच्या वर धावत असते. तेच चाक झिजून ७५ मिमीचं झालं की कडेचा वेग ४३ मीटरवर येतो आणि कापायला वेळ लागायला लागतो. १२५ मिमीचं चाक लावलं की वेग थेट ७२ मीटरवर जातो. फरक हाताला जाणवणारच.

पण चाकावर जी मर्यादा छापलेली असते ती वाचा. कटिंग व्हील, म्हणजे कापायचं पातळ चाक, सहसा सेकंदाला ८० मीटरसाठी बनवलेलं असतं. १२५ मिमी चाकाला ही मर्यादा मिनिटाला १२,२०० फेऱ्यांना गाठली जाते. काही चार इंची मशीनं १२,००० फेऱ्यांची असतात, म्हणजे तिथे हातात काहीच शिल्लक राहत नाही. शिवाय भोकाचा प्रश्न आहे. चार इंची चाकाचं भोक १६ मिमीचं आणि पाच इंचीचं २२ मिमीचं. मग मध्ये कुठलं तरी कडं घालून चाक बसवलं जातं, ते मधोमध बसत नाही, मशीन थरथरतं आणि १ मिमी जाडीच्या चाकाला ती थरथर सोसत नाही. कुणी सात इंची चाक चढवलं तर वेग १०० मीटरच्या वर जातो. ते मी कुणाच्याच हातात पाहू इच्छित नाही. तुम्हाला पाच इंच हवं असेल तर पाच इंची मशीन घ्या. फेरे जवळपास तेवढेच, मोटर दणकट आणि त्या मापाचा गार्ड सोबत येतो. गाळ्यात एक मशीन वाढवायला पैसे लागतात, हे मला कळतं. तरीही माझा सल्ला हाच.

आता रेघ आणि कोपरा. गार्ड फिरवता येतो, हे कितीतरी जण विसरून गेलेले असतात, कारण त्याचा स्क्रू गंजून बसलेला असतो. तो सोडवा, तेल द्या आणि प्रत्येक कामाला गार्डची बंद बाजू तुमच्या अंगाकडे येईल असा फिरवून घ्या. रेघ पाहायची तर मशीनवर वाकून चाकाच्या रेषेत डोळे आणू नका. थोडं बाजूला उभे राहा, तिथून रेघ जास्त चांगली दिसते. चाक फुटलं तर तुकडे चाकाच्या सरळ रेषेतच जातात, त्या रेषेत तुमचा चेहरा नसावा. जिथे गार्डसकट चाक शिरतच नाही, ते काम ग्राइंडरचं नव्हे. हॅक्सॉचं पान, बारीक टोकाचा डाय ग्राइंडर, छिन्नी, कानस यांपैकी काहीतरी तिथे पोचतं. वेळ जातो, मान्य.

हातमोज्यांचं तुम्ही म्हणता ते लेथ आणि उभ्या ड्रिल मशीनबाबत पूर्ण बरोबर आहे. तिथे हात फिरत्या भागाजवळ जातो आणि मोजा गुंडाळला गेला की हात ओढला जातो. सुती विणलेले, सैल, धागे लोंबणारे मोजे ग्राइंडरवरही नकोत. पण दोन्ही हात मशीनवर असतील, एक बॉडीवर आणि एक साइड हँडलवर, आणि मध्ये गार्ड असेल, तर चामड्याचे घट्ट मोजे ठिणग्या आणि कापलेल्या पत्र्याची धार यांपासून हात वाचवतात. मोजा चाकात जाण्याची तुमची भीती खोटी नाही, ती गार्ड काढलेल्या मशीनची भीती आहे. तुमच्या प्रतिक्रियेतली जवळजवळ प्रत्येक अडचण मला शेवटी तिथेच पोचलेली दिसते.

सवयीबद्दल मात्र मी ठामपणे विरोधात आहे. ११,००० फेरे म्हणजे सेकंदाला १८३. चाक कापात अडकलं आणि मशीन उसळलं, तर माणसाचा हात सावरायला पाव सेकंद धरू, तेवढ्यात चाक ४५ वेळा फिरून झालेलं असतं. कितीही कसलेला हात तिथे पोचत नाही. म्हणून सगळी कला उसळी येऊच नये यात आहे, आणि हे तुमच्यासारख्या कारागिराने पोरांना शिकवावं असं मला मनापासून वाटतं. दोन टेकूंवर पाइप ठेवून मधोमध कापलात, तर काप संपत येताना पाइप खाली झुकतो, फट वरून मिटते आणि चाक चिमटीत सापडतं. तोच पाइप शिकंज्यात पकडून तुटणारं टोक बाहेर लोंबत ठेवा, टोक खाली जाताना फट उघडत जाईल. एका हाताने पट्टी धरून दुसऱ्या हाताने मशीन चालवणं तर बंदच करा. पट्टी टेबलाला आवळून धरणारा सी क्लॅम्प स्वस्त आहे.

स्क्वेअर पाइप एका दमात आरपार कापू नका. एक बाजू कापा, पाइप फिरवा, दुसरी बाजू घ्या. जोर देऊ नका, मोटरचा आवाज ऐका. आवाज खाली बसला म्हणजे तुम्ही दाबताय, आणि दाबलं की काप उलट हळू होतो, चाक तापतं, मशीनही तापतं. कटिंग व्हीलची बाजू घासायला वापरायची नाही, ते कडेनेच कापण्यासाठी आहे. घासायला ६ मिमीचं ग्राइंडिंग व्हील किंवा फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पट्ट्यांची चकती) लावा. वेल्ड सपाट करताना ग्राइंडिंग व्हील १५ ते ३० अंशांत तिरकं धरलं की खड्डे पडत नाहीत.

पोरं घाबरतात म्हणता, तर मला ती घाबरलेली नकोत, जाणती हवी आहेत. लाइट गेली की बटण बंद करायचं, हे त्यांना पहिल्या दिवशी सांगा. सरकत्या बटणाचं मशीन चालू स्थितीत पडून राहिलं आणि तासाभराने लाइट आली, तर ते टेबलावरून जिवंत होऊन उडी मारतं. डोळ्यात कण गेला तर सोबत्याने काडीने किंवा रुमालाच्या टोकाने काढायचा, ही आपल्या गाळ्यांतली रीत थांबवा. लोखंडाचा कण बुबुळावर रुतला की भोवती गंजाचं कडं धरतो, ते डोळ्यांच्या डॉक्टरनेच काढायला हवं. साधा चष्मा पुरत नाही, बाजूने बंद असलेला गॉगल हवा. आणि तेलाचं किंवा थिनरचं रिकामं बॅरल कुणी कापायला आणलं, तर मुलांच्या हाती देऊ नका. रिकाम्या बॅरलमध्ये वाफ कोंडलेली असते, ठिणगी पडली की स्फोट होतो. तुम्ही हे जाणताच. पण गिऱ्हाईक घाई करतं तेव्हा तुम्ही गाळ्यात नसता, पोरगा असतो.

आणि जुन्या चाकांबद्दल. चाकाच्या मधल्या धातूच्या कड्यावर बऱ्याचदा महिना आणि वर्ष कोरलेलं असतं, ती त्याची मुदत. ही चाकं राळेने बांधलेली असतात, ओल धरली की बंध सैल होतो, म्हणून बनवल्यापासून ३ वर्षांच्या पलीकडे ती वापरत नाहीत. कोकणात, किंवा जिथे पावसाळाभर गाळ्याला ओल असते तिथे, चाकं जमिनीवर ठेवू नका, बंद डब्यात आणि सपाट ठेवा. मुदत उलटलेली, खाली पडलेली, कड उडालेली चाकं मोडून फेका. नुसती बाजूला ठेवलीत तर कुणीतरी पुन्हा उचलून लावतो. चांगलं चाक बसवल्यावरही गार्ड लावून, कुणाच्या रेषेत न धरता अर्धा मिनिट मोकळं फिरवा. थरथरलं तर काढून पुन्हा बसवा, फ्लँजवर, म्हणजे चाक दाबून धरणाऱ्या चकतीवर, धातूचा खरखरीत कंगोरा किंवा कचरा अडकलाय का तेही बघा. तरीही थरथरलं तर ते चाक वापरू नका.